डावीकडचे दरवाजे

बबन,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. तुझ्या मोजणी खात्यातले दोघं बोलून झाले होते, मेहुणा बोलून झाला होता. मग कुणीतरी म्हणालं, "आता कंप्युटरवाले सर. बालमित्र त्यांचे." मी उठलो. तुझ्या फोटोपुढच्या मेणबत्त्यांपैकी एक वाऱ्यानं विझली होती आणि ती परत लावायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याकडे बघत मी म्हणालो, "बबन चांगला माणूस होता. कामाला चोख होता." आणि खाली बसलो.

लोकांना वाटलं, गळा दाटला. सुमनवहिनींनी पदर डोळ्यांना लावला. माझा गळा दाटला नव्हता. मी नेहमीसारखा गप्प बसलो होतो, एवढंच. तू असतास तर म्हणाला असतास, "दिगूला बोलाया सांगनं म्हंजी हिरीला चालाया सांगनं."

तेव्हा जे बोलायचं होतं ते इथं लिहितो. त्यात तुझ्या चांगुलपणाचं फारसं काही नाही. माझ्याबद्दलचं आहे.

आठवीपासून आपण एका बाकावर. पुढे तू सर्व्हेअर झालास, तालुकाभर बांध मोजत फिरलास. मी पारनेरात बियाण्याच्या दुकानावर माडी भाड्यानं घेऊन आधी टायपिंगचा आणि मग कंप्युटरचा क्लास काढला. नकाशे आता कंप्युटरवर जाणार अशी आवई तुमच्या ऑफिसात उठली, तेव्हा तू चाळिशी उलटल्यावर माझा विद्यार्थी झालास. माउस तू असा धरायचास, जसं हातातून निसटणारं कोंबडीचं पिल्लू. हात बसावा म्हणून मी तुला एक खेळ लावून दिला. अवकाशात भरकटलेलं भलंमोठं जहाज, आतली माणसं मेलेली, आणि मेलेल्यांतली काही नीट मेलेली नाहीत. आपण एकटे. हातात एक बॅटरी, थोड्या गोळ्या, आणि कोपऱ्यात हवेचा काटा सारखा खाली येत असलेला.

पहिल्याच दुपारी छताच्या झरोक्यातून ते पांढरं काहीतरी अंगावर कोसळलं आणि तू खुर्चीसकट मागे गेलास. उठून पहिलं वाक्य बोललास ते हे: "आयला, हा तर हरकतदार!" कुठंही मोजणी लावली की साखळी जमिनीला टेकायच्या आत हरकत घ्यायला कोण ना कोण बांधावर उगवतोच, म्हणून. तेव्हापासून त्या भुतांचं नाव हरकतदार. खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवणं याला तू 'पंचनामा' म्हणायचास. "दिगू, लाईट जायच्या आत पंचनामा करून घे." आणि लाईट जायचीच.

दुपारी एक ते तीन. सकाळच्या बॅचची पोरं गेलेली, संध्याकाळची यायची असायची. माझी बायको सोनईच्या शाळेत शिक्षिका, शनिवारी यायची. बाकी आठवडाभर मी क्लासात शिकवण्यापलीकडे चार वाक्यं बोलत नसे. ती जी काय वाक्यं होती, ती त्या दोन तासांत तुझ्याशी. खाली दुकानातून औषध लावलेल्या बियाण्याचा वास वर यायचा. अजूनही तो वास आला की मला हवेचा काटा दिसतो.

हेडफोन एकच होता. पट्टी ताणून एक कान तुझा, एक माझा. कीबोर्ड माझ्याकडे, कारण तू घाबरलास की सगळी बटणं एकदम दाबायचास. तुझ्या मांडीवर ड्रॉइंगची फळी. आणि तू जहाजाची मोजणी केलीस, बबन. दुसरं काय म्हणू त्याला? बोळातून मी सरळ चालायचो आणि तू घड्याळ धरून सेकंद मोजायचास, तेवढी रेघ ओढायचास. प्रत्येक खोलीला गट नंबर दिलास. इंजिनाच्या खोलीला गोल काढलास, विहिरीला काढतात तसा.

उत्तर दिशेवरून आपलं भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणालो, अवकाशात उत्तर नसते. तू पेन्सिल खाली ठेवलीस. "उत्तर न्हाई तर नकाशा न्हाई. कायबी बोलू नको." मी पृथ्वीचं चुंबकत्व वगैरे सांगत बसलो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "ते तुझं विज्ञान झालं. मान्साला कुठंतरी तोंड करून हुबं राहावं लागतंय का न्हाई?" आणि कागदावर उत्तरेचा बाण काढून मोकळा झालास.

पहिल्या भागात एक बंद खोली होती. आतून ठोकल्याचा आवाज यायचा, पण ती नेमकी कुठं हे कळत नव्हतं. मी दोन दुपारी नुसता भिंती चाचपत हिंडलो. तू म्हणालास, "एका जाग्यावरनं घेतलेली रेघ खोटं बोलू शकती. दोन जाग्यांवरनं घे. दोन्ही रेघा जिथं कापत्याल, तिथं बिंदू." मला एका बोळात उभं करून आवाजाची दिशा धरलीस, मग दुसऱ्या बोळात. रेघा मारल्यास. खोली सापडली. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं सोपं आणि इतकं खरं काही शिकवलं नाही. पुढं हेच वाक्य मला असं परत भेटेल हे तेव्हा माहीत नव्हतं.

पहिला भाग संपला तेव्हा आपण खाली जाऊन एकेक स्पेशल चहा घेतला आणि तू तो नकाशा गुंडाळून, सुतळी बांधून माझ्या कपाटात ठेवलास. "सांभाळ. रेकॉर्ड हाय."

मग वर्षभरानं मी नगरहून दुसऱ्या भागाची सीडी आणली. दोन हजार साल लागलं की सगळे कंप्युटर बंद पडणार, असं तेव्हा जो तो मला विचारत होता. तू म्हणालास, "पडायच्या आत हे उरकू."

दुसऱ्या भागात तोच माणूस, बारा वर्षांनी, त्याच जहाजावर परत जातो. कुणीतरी जिवंत राहिलंय असा निरोप आलेला असतो.

"एकदा सुटून आल्याला मानूस परत कशाला मरायला जातोय?" तू विचारलंस.

"नाहीतर दुसरा भाग कसा निघेल?"

तू एकदम खूश झालास. "अरे, ही तर फेरमोजणी! जुना नकाशा काढ."

काढला. तू त्यावर नवा पातळ कागद चढवलास, वर झोकात 'फेरमोजणी' लिहिलंस, आणि आपण परत त्या बोळांत शिरलो. आता तिथं गंज होता, भिंतींवर काहीतरी ओलं वाढलेलं होतं, दिवे फडफडत लागत आणि विझत. हरकतदार आता समोरून धावत येत नव्हते, ते थांबायचे. आपण पुढे गेलो की मागून श्वास ऐकू यायचा, तुझ्या कानात आधी, मग माझ्या. या वेळी भीती जास्त होती, कारण ओळखीच्या जागेत होती. तू म्हणालास तेच खरं: परक्या गावात चुकलं तर मानूस वाट विचारतो, आपल्या गावात चुकलं तर कुनाला विचारनार?

आता ते सांगतो.

श्रावण लागला होता. एका बोळात मी डावीकडच्या दरवाजाशी थांबलो आणि तू म्हणालास, "थांबला का? सरळ चल की." मी म्हणालो, "दरवाजा आहे." तू म्हणालास, "कुठं?" मला वाटलं, चेष्टा करतोस. नंतर तू घरी गेल्यावर कागद बघितला. बोळाच्या उजव्या अंगाला सगळं जागच्या जागी होतं, तुझ्या सुईसारख्या रेघेत. डाव्या अंगाला काहीच नव्हतं. एकही दरवाजा नाही. आदल्या दिवशीचा भाग बघितला. तिथंही तसंच. त्याच्या आदल्या आठवड्याचा नीट होता.

मी काय केलं माहीत आहे? पेन्सिल घेतली आणि ते दरवाजे काढले. तुझ्यासारखे काढायचा प्रयत्न केला. आपला गडी थकलाय, म्हटलं. हल्ली उन्हात फार फिरतोय. सर्व्हेअरला त्याच्या नकाशातली चूक दाखवायची म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखं; ते मला जमणार नव्हतं. दुसऱ्या दिवशीही काढले. तिसऱ्याही. खेळताना मी आपणहून डावीकडे वळायचो, आणि तू "हे कुठनं आलं?" म्हणालास की सांगायचो, "मागून एक वाट होती." तुझ्याशी खोटं बोलणं इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

मग पोळ्याच्या आठवड्यात तू आलास तो थेट खुर्चीत बसलास. फळी घेतली नाहीस. तुझ्या एका मोजणीवर तक्रार आली होती. पश्चिमेची अख्खी पट्टी नकाशात धरायची राहिली होती, साहेबानं चारचौघांत झापलं होतं. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. पश्चिम म्हणजे कागदाची डावी बाजू, हे तिथल्या तिथं माझ्या डोक्यात आलं. लख्ख आलं. ते नाही आलं असं मी स्वतःला आजवर सांगत होतो, म्हणून लिहून ठेवतो.

मी खेळ लावला. करण्यासारखं तेवढंच सुचलं. तू जुना नकाशा मांडीवर घेतलास, बोट ठेवून त्यावरचा बोळ बघितलास, मग पडद्यावरचा बघितलास. परत नकाशा. नेहमीच्या आवाजात नाही, जरा हळू विचारलंस,

"दिगू, या भागात डावीकडचे दरवाजे बुजवल्यात का रं?"

पडद्यावर डावीकडे दोन दरवाजे होते. एकावर लाल दिवा लुकलुकत होता.

मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू घाबरला होतास, बबन. हरकतदार आल्यावर घाबरायचास तसा नाही. हे वेगळं होतं. आणि मी म्हणालो, "हो. दुसरा भाग आहे ना. बरंच बदललंय त्यांनी."

तू श्वास सोडलास. हेडफोनच्या ताणलेल्या पट्टीतून मला तो कळला. "असंय व्हय," म्हणालास, आणि फळी मांडीवर घेतलीस.

मी हे तुझ्या भल्यासाठी बोललो असं मला लिहिता आलं असतं. थोडं ते होतंही. पण तळाशी दुसरं होतं. तुला काही झालंय असं निघालं असतं तर डॉक्टर आले असते, नगरच्या चकरा आल्या असत्या, आणि एक ते तीन संपलं असतं. मला माझ्या दुपारी हव्या होत्या. एवढंच. एवढ्यासाठी.

दिवाळीत तुझं डोकं दुखायला लागलं. तू दुकानातली गोळी घ्यायचास, मी वरून चहा पाजायचो. दाराच्या चौकटीला तुझा डावा खांदा लागायचा आणि तू चौकटीला शिवी द्यायचास. मी हसायचो.

मार्गशीर्षात तू एम-एटी गाडीवरून नगरला निघाला होतास. केडगावच्या वळणावर रस्त्याच्या डाव्या कडेला एक टेम्पो उभा होता. भर दिवसा, स्वच्छ उन्हात, उभा टेम्पो. तू त्याच्यात गेलास. लागलं फार नव्हतं, पायाला टाके. पण दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरला काहीतरी खटकलं. त्यानं तुझ्यासमोर दोन्ही हात धरले, बोटं हलवली. "किती?" तू उजव्या हाताची सांगितलीस. डाव्या अंगाचा हात त्यानं किती वेळ हलवत ठेवला! तू शांत समोर बघत होतास, "दोन" म्हणत होतास. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

डोक्यात गाठ होती. फोटोत अंड्याएवढी दिसली.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" वहिनी म्हणाल्या, "दिवाळीपास्नं डोकं दुखतंय म्हनत्यात." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तुम्हाला काही जाणवलं? मी मान हलवली. नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर वहिनी एकदम म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या ताटात ठेचा तसाच राहायचा. किती दिवस. चटणी, लिंबू, सगळं डाव्या अंगाचं तसंच. मला वाटलं पित्त झालं म्हनून सोडलं. मला कळायला नगं व्हतं का?" ठेच्याशिवाय भाकरीला हात न लावणारा तू. त्या रडल्या. "मी बायको ना त्यांची. मला कळायला पायजे हुतं."

आणि मी, ज्याला त्यांच्याआधी कळलं होतं, शेजारी बसून म्हणालो, "तुमचा काय दोष वहिनी."

ऑपरेशननंतर तू दोन महिने होतास. तुझं डोकं बांधलेलं, चेहरा सुजलेला, पण जीभ तीच. मी गेलो की पहिला प्रश्न, "फुडं गेलास का?" मी म्हणायचो, तुझ्याशिवाय नाही. ते खरं होतं. माझ्याकडे तेवढं एकच खरं शिल्लक होतं. एकदा म्हणालास, "उत्तरंचं कबूल करून टाक, दिगू. मेलेल्या मान्साशी भांडाय येनार न्हाई तुला." मी म्हणालो, काही बोलू नकोस. तू म्हणालास, "मी कायबी बोलतोय. तू कदी बोलनार?"

तेव्हा बोलायचं होतं. खोलीत आपण दोघंच होतो. खिडकीतून ऊन तुझ्या पांघरुणावर आलं होतं, आणि तू वाट बघत होतास, निदान मला तसं वाटलं. मी उठून पाण्याचा तांब्या भरून आणला.

फाल्गुनात तू गेलास.

मोठ्या डॉक्टरांना मी नंतर एकट्यानं जाऊन विचारलं. चार महिने आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित. कदाचित तरीही असंच झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या 'कदाचित'मध्ये मी राहायला जागा शोधून बघितली. मिळाली नाही.

परवाच्या त्या कार्यक्रमाहून आलो आणि मला वहिनींचा पदर दिसत राहिला. त्या आयुष्यभर ठेच्याचं मनाला लावून घेणार होत्या. माझ्या वाटणीचंही त्याच वाहणार होत्या. म्हणून आज सकाळी तुझ्या घरी गेलो. बरोबर फेरमोजणीची गुंडाळी नेली.

वहिनी ओट्यावर तुझे ऑफिसचे शर्ट घड्या करत बसल्या होत्या. मी सुतळी सोडली, कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर तुझेच शर्ट ठेवले.

"हे काय, भाऊजी?"

"हा त्याचा नकाशा. खेळाचा. उजवीकडचं त्यानं काढलंय. डावीकडचे हे दरवाजे मी काढलेत. पेन्सिलनं."

त्यांनी वाकून बघितलं. दोन हातांच्या रेघा वेगळ्या दिसतातच. तुझी सरळ, माझी थरथरती.

"त्यांना दिसत नव्हते?"

"नाही."

"कधीपास्नं?"

"श्रावणापासून."

मग सगळं सांगितलं. तुझा प्रश्न, माझं उत्तर. दुपारी हव्या होत्या, तेही. डोळे वर न करता सांगितलं. एकेका दरवाजावर बोट ठेवत त्या कागदाच्या खालपासून वरपर्यंत गेल्या. मला वाटलं, आता उठतील आणि मला चालतं व्हा म्हणतील. ते सोपं गेलं असतं.

"तुमाला इचारलं हुतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "असं सरळ?"

"हो."

"कधी?"

"पोळ्याच्या आठवड्यात. तक्रार आली त्या दिवशी."

त्यांनी हातातला शर्ट मांडीवर ठेवला. "त्याच सांजंला मला पन इचारलं. जेवाया बसले आन् म्हनले, सुमन, आज ठेचा केला न्हाई का गं? ताटात हुता, भाऊजी. त्यांच्या म्होरं. मला वाटलं, झाली चेष्टा सुरू. मी बी चेष्टेनं म्हनलं, न्हाई केला, मिरच्या संपल्या. ते हसले. भाकरी मोडली आन् जेवले गुमान." मांडीवरच्या शर्टाची घडी नीट करत म्हणाल्या, "हे मी कुनाला सांगितलं न्हवतं. तुमी सांगितलं म्हनून."

मग त्या आत गेल्या. चहा ठेवल्याचा आवाज आला. आम्ही चहा प्यालो. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी मागितलंही नाही. निघताना त्यांनी नकाशा गुंडाळून माझ्याच हातात दिला.

तुझ्या घराचा चढ उतरताना मला कळलं.

एका जागेवरून घेतलेली रेघ खोटं बोलू शकते. म्हणून तू दोन जागांवरून घेतलीस. दुपारी माझ्याकडून, संध्याकाळी वहिनींकडून. तुला संशय आला होता, बबन. तू तुझ्या रीतीनं तपासून बघत होतास. आमच्या दोघांइतकी खात्रीची खूण तुझ्याकडे दुसरी नव्हती. आणि दोन्ही रेघा खोट्या निघाल्या, आणि त्या बरोबर एका ठिकाणी कापल्या, आणि त्या ठिकाणी तुला दिसलं की आपलं सगळं ठीक आहे. मोजणीत तुझी काही चूक नव्हती. खुणा आम्ही हलवल्या होत्या.

आता एक वाजून गेलाय. सकाळची बॅच गेली. पंचनामा आहे तिथंच आहे: तो लांब बोळ, गंज, हवेचा काटा अर्ध्यावर. हेडफोनचा एक कान मी लावलाय, दुसरा तुझ्या खुर्चीवर लोंबतोय. मी पुढे गेलेलो नाही. जागेवरच उभा राहून फक्त डावीकडे वळलो, आणि पेन्सिलचे सगळे दरवाजे, तू नकाशा पक्का करायचास तसे, तुझ्या पेननं शाईत करून घेतले. उत्तरेचा बाण तू काढलास तिकडेच ठेवलाय. ती उत्तर मला कबूल आहे.

आणि तू विचारलं होतंस त्याचं उत्तर असं, की बुजवले नव्हते. दरवाजे होते, बबन. सगळे होते.

— दिगू